मदत हवी आहे: गिअरबॉक्स बदलल्यापासून गाडी 'डी'मध्ये उशिरा उचलते

दोन रविवार घालवून भावाने आणि मी घरीच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलला. वापरलेलाच, पण त्याच मॉडेलचा. आता रिव्हर्स लगेच पडतो, पण लिव्हर डीवर (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) आणला की 3-4 सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन झटका बसतो. गाडी तापली की जास्तच. काल तर तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसली, बंद करून चालू केल्यावर सुटली.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नीट बसलाय असं वाटतं. फिरवत ढकलताना दोनदा 'खट' आवाज आला, आणि बोल्ट आवळण्याआधी फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनला मागे लावलेली पातळ चकती) थोडी फटही होती. गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून, पार्कमध्ये तपासलं. पातळी बरोबर आहे, पण डिपस्टिकवर बारीक फेस दिसतो. तेलाच्या फिल्टरची जुनी ओ-रिंगच (रबरी सील) परत लावली होती (आळस, दुसरं काय!). तिथून पंप हवा ओढत असेल का?

की शिफ्ट केबलचं अ‍ॅडजस्टमेंट चुकलंय? की कंट्रोल युनिटला (गिअर बदलणारा कॉम्प्युटर) नव्या गिअरबॉक्सचं अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे त्याच्याशी जुळवून घेणं, करून द्यावं लागतं? एरर कोड वाचणारा स्कॅनर अजून लावलेला नाही. गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन पुन्हा उघडण्याआधी आणखी काय बघू? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.