रे: रे: गणपतीला पाहुणी स्विमर, मानधन कशाला?

मंडळी नमस्कार,

कार्यक्रमपत्रिका बघितली. शनिवारी ३० ऑगस्टला बालमेळाव्यात आपल्यातलीच एक कॉलेजात पोहणारी मुलगी पाहुणी म्हणून येतेय, उत्तम आहे, कौतुक आहे. पण तिला २५१ डॉलर मानधन कशासाठी ते कळलं नाही. या मुलांना स्कॉलरशिप असते, राहणं-खाणं असतं, बूट-कपडे कंपनी देते आणि आता तर म्हणे कॉलेजच पगार पण देतं. मी १९८७ ला अमेरिकेत आलो तेव्हा लायब्ररीत रात्री पुस्तकं लावून तासाला साडेतीन डॉलर मिळवत होतो, खेळायचे पैसे कोणी देत नव्हतं. शिकायला आलात तर शिका ना. खेळाचा धंदा केला की धड खेळ नाही आणि धड अभ्यास नाही.

नाना (डब्लिन, ओहायो)

---

नाना,

तुम्ही वडीलधारे, वाद घालायचा नाहीये, पण ती पाहुणी माझीच लेक म्हणून लिहिते. फुल स्कॉलरशिप आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला? बायकांच्या स्विमिंगला २०२४-२५ पर्यंत एका टीमला जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिप देता यायच्या आणि टीममध्ये मुली तीसेक, म्हणजे कोच त्याचे तुकडे करून वाटणार. आमच्या वाट्याला चतकोर आलाय, बाकीची फी आम्ही भरतो. पहाटे साडेपाचला ती पाण्यात असते. नियमाने प्रॅक्टिस आठवड्याला २० तास, पण बसचा प्रवास, फिजिओ हे त्यात धरतच नाहीत, लायब्ररीत पुस्तकं लावायला वेळ कुठून आणायचा तिने?

आणि तो पगार. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात हे खरंय, एका कॉलेजला पहिल्या वर्षी (२०२५-२६) साधारण साडेवीस मिलियन डॉलरपर्यंत, पण त्यातला मोठा घास फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल घेणार. गंमत म्हणजे ज्या केसमुळे हे सगळं झालं ती ज्याच्या नावाने ओळखतात तो ग्रँट हाऊस स्वतः स्विमर! केस पोहणाऱ्याच्या नावाची आणि आमच्या टीमला त्यातून काय मिळालं तर रोस्टर लिमिट. म्हणजे आता एका टीममध्ये इतकीच मुलं. ज्या मुली स्कॉलरशिपशिवाय नुसत्या हौसेने पोहायच्या त्यांना आधी घरी पाठवतात.

स्विमरची आई

---

नाना, थोडा इतिहास. ट्रेझरर म्हणून हिशोब मलाच द्यावा लागतो, त्यामुळे हे वाचून ठेवलंय.

‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्दच मुळात पैसे टाळायला काढलेला आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोच्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून गेला, त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली आणि कोर्टाने ती नाकारली, त्याच काळात एनसीएएचे, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचे, वॉल्टर बायर्स यांनी हा शब्द पुढे आणला, की बाबा हे कामगार नाहीत, विद्यार्थी आहेत. रिटायर झाल्यावर याच बायर्सनी या व्यवस्थेवर सडकून टीका केली, पण तोवर तीसचाळीस वर्षं निघून गेली होती. मग यूसीएलएला १९९५ ची चॅम्पियनशिप जिंकून देणारा एड ओबॅनन, त्याने व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच खेळताना बघितलं, चेहरा-मोहरा त्याचा आणि त्याला दमडी नाही, तो २००९ ला कोर्टात गेला. २०२१ मध्ये दुसऱ्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. तो फक्त शिक्षणाशी संबंधित फायद्यांपुरता होता, पण जस्टिस कॅव्हनॉनी वेगळं लिहून ठेवलं की हा प्रकार दुसऱ्या कुठल्याही धंद्यात चालला नसता. त्याच जुलैत स्वतःच्या नावाचे, फोटोचे पैसे घ्यायची मुभा आली.

मला विचाराल तर द्यायलाच हवेत, मोठ्या कॉलेजचा फुटबॉल कोच वर्षाला १० मिलियनच्या वर घेतो तेव्हा धंदा कुठे जातो? फक्त काकू म्हणतात ते बरोबर, वाटणी चुकतेय. त्याच हाऊस केसमधले जुन्या खेळाडूंच्या थकबाकीचे २.८ बिलियन पण बहुतेक पुरुषांच्या दोन खेळांकडे चाललेत, म्हणून काही खेळाडू मुली टायटल नाईनच्या (शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा) मुद्द्यावर अपिलात गेल्यात.

आणि नाना, राग मानू नका, पण ओहायो स्टेटच्या त्या एक लाखाच्या हॉर्सशू स्टेडियममध्ये फुटबॉलची तुमची सीझन तिकिटं आहेत ना? तो धंदा चालवतंय कोण?

२५१ चं म्हणाल तर बाहेरून मिळणारं डील ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त असलं तरच कळवावं लागतं, आपण खूप खाली आहोत. काकू, चेक कोणाच्या नावाने?

बंडू

---

बंडू, चेक नको. काल तिने तिच्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारलं. जानेवारीत ती २१ ची झाली, आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे ते आहेच, त्यामुळे एच-४ वरून (आमच्या वर्क व्हिसावर मुलांना मिळतो तो) एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर गेलीय. एफ-१ वर परवानगीशिवाय कॉलेजच्या बाहेर काम करून पैसे घेता येत नाहीत, आणि लहान मुलांना पोहायचे स्ट्रोक शिकवणं म्हणजे कामच, असं त्यांनी सांगितलं. टीममधल्या बाकीच्या मुली उन्हाळ्यात स्विम कॅम्पला शिकवून फीला हातभार लावतात. ही नुसती टॉवेल धरून उभी. दोन वर्षांची असल्यापासून इथे आहे हो ती.

येणार मात्र नक्की आहे.

स्विमरची आई

---

हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

बंडू, शाल-श्रीफळ माझ्याकडून, त्याला तर व्हिसा लागत नाही ना? मोदकाचा डबा पण हिच्या हातचा, पोहणाऱ्या पोरीला खाऊ दे पोटभर.

फक्त एक, बालमेळावा चारनंतर ठेवा. शनिवारी बाराला टेक्सासची मॅच आहे.

नाना