झेड४ ला परत रन-फ्लॅट टायर घालू की साधे?

घोडबंदरी (धागाकर्ता)
मंडळी, सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ घेतली आहे, २०११ ची, एसड्राइव्ह ३५आय. "दोनच सीट? मग आईंनी कुठे बसायचं?" हे घरी विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. प्रश्न टायरचा आहे.

पुढे २२५/४० आर१८, मागे २५५/३५ आर१८, चारही रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. मागचे दोन्ही गुळगुळीत झालेत. पुढच्या डाव्याला पातलीपाड्याच्या एका खड्ड्यात फुगा आलाय. गाडीला स्टेपनी नाही आणि ठेवायला जागाही नाही, छत दुमडलं की डिकी १८० लिटरची उरते. गाडी रोजची नाही. शनिवार-रविवार पहाटे गायमुख घाट, पाम बीच, कधी लोणावळा. म्हणजे चार टायर घ्यायचे हे नक्की, पण कुठले?

डांबरट
आधी तो फुगा आलेला टायर काढा. आतले धागे तुटलेत, त्याला रिपेअर नसतं. एक्स्प्रेसवेवर तर अजिबात नेऊ नका.

मी माझ्या ३ सिरीजचे रन-फ्लॅट काढून साधे मिशलिन पायलट स्पोर्ट घातले. घोडबंदरच्या काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याला धाडधाड व्हायचं ते गेलं. स्टिअरिंगही मोकळं झालं. रन-फ्लॅटची बाजूची भिंत जाड आणि ताठ, हवा गेली तरी गाडीचं वजन तिच्यावरच तोलायचं असतं ना. ताठ भिंत खड्ड्याचा धक्का गिळत नाही, सरळ रिमला देते. आणि तुमची भिंत उंचीला जेमतेम ९ सेंटीमीटर! बीएमडब्ल्यू स्वतःच्या एम३-एम४ ला रन-फ्लॅट देत नाही, यातच सगळं आलं.

सानपाडा_नाइटशिफ्ट
सगळं काही आलं नाही. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारला वर्षानुवर्षं कंपनीतूनच रन-फ्लॅट येतात, आता मिशलिनचे झेडपी असतात, आणि तिला कोणी बैलगाडी म्हणत नाही. सस्पेन्शन कशासाठी बसवलंय यावर असतं.

माझं उदाहरण घ्या. रात्री दोनला अटल सेतूवरून एकटी घरी येते. पूल २१.८ किलोमीटरचा, वाटेत थांबायला मनाई. मधोमध टायरची हवा गेल्याचा दिवा लागला. वेग ८० च्या आत ठेवला आणि तशीच सानपाड्याला घरी पोचले. सकाळी पाहिलं तर बाजूची भिंत फाटलेली. साध्या टायरवाले डिकीत ठेवतात तो पंप आणि पंक्चर बुजवायचा फेसाचा डबा तिथे काय करणार होता? फेस फक्त तळाच्या छोट्या भोकाला चालतो.

तुर्भे_बॅलन्सिंग
टायर बसवण्याच्या धंद्यात आहे म्हणून चार शब्द. दोघांचंही बरोबर आहे. पण गिऱ्हाईक चुकतं ते भलतीकडेच.

टायरवर ताऱ्याची खूण असेल तर तो बीएमडब्ल्यूसाठी मंजूर केलेला. तारा म्हणजे रन-फ्लॅट नव्हे, साध्यावरही असतो. रन-फ्लॅटची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी: ब्रिजस्टोनचं आरएफटी, मिशलिनचं झेडपी, कॉन्टिनेंटलचं एसएसआर, गुडइयरचं आरओएफ. बिलावर नको, टायरवर वाचा. टायरवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडेही बघा, ती बनवल्याची तारीख, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्पीड रेटिंग डब्ल्यू (ताशी २७० किमीपर्यंत) किंवा वाय (३००) घ्या, खाली उतरू नका. २०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे २५५/३५ आर१८ मध्ये हवं ते मॉडेल मिळेलच असं नाही. जुना जोड संपायच्या आत शोध सुरू करायचा असतो, तुम्ही उशीर केलाय.

हवा गेल्यावर ८० किलोमीटर, ८० चा वेग हा आकडा कंपनीचा असतो. गाडी भरलेली असेल, ऊन असेल तर त्याच्या भरवशावर लोणावळ्याहून ठाण्याला निघू नका. हवा नसताना चाललेला रन-फ्लॅट आतून भाजतो आणि बाहेरून नवा दिसतो. त्यात पंक्चरची दोरी मारून देणारा कोपऱ्यावर भेटेल, त्याला नमस्कार करून पुढे जा.

घोडबंदरी
मागे साधे आणि पुढे रन-फ्लॅट असं केलं तर? पुढचा उजवा अजून चांगला आहे.

तुर्भे_बॅलन्सिंग
नको. पुढचं-मागचं चाक वेगवेगळं वागेल, आणि तुमची गाडी मागच्या चाकांवर ३०० हॉर्सपॉवर ओतते. ओल्या वळणावर कळेल. चारही एकाच जातीचे. आणि हवेचा इशारा देणारी यंत्रणा चालू आहे का ते आधी बघा. रन-फ्लॅटची हवा गेलीय हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

डांबरट
आणि रिम तपासा! बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा.

घोडबंदरी
काल तुर्भ्याला जाऊन आलो. (काका, तुमच्याकडे नाही, आधी शोध घेतला असता तर तुमच्याकडेच आलो असतो.) डाव्या पुढच्या चाकाची रिम आतल्या बाजूने वाकलेली निघाली. बाहेरून दिसायला अगदी गोल. म्हणजे फुग्याचा खड्डा दोन्हींना प्रसाद देऊन गेला. रिम सरळ करून घेतली, तडा नव्हता हे नशीब.

शेवटी साधे घेतले, मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस, चारही. माझं बहुतेक फिरणं घरापासून वीस-तीस किलोमीटरच्या आत असतं. डिकीत आता पंप, फेसाचा डबा आणि एक विजेरी आहे. विम्यात टोइंग आहे, फ्लॅटबेडच पाठवा असं फोनवर सांगायचं हेही ठरवून ठेवलंय, आकड्याला लटकवून नेलं तर पुढचा बंपर गेलाच. गायमुखात पहिल्याच फेरीत फरक कळला, वळणात गाडी रस्त्याला बिलगते, आणि कंबर दुखत नाही.

सानपाडा, तुमचं पटलं नाही असं नाही. रात्री अटल सेतूवर नेणार नाही.

सानपाडा_नाइटशिफ्ट
पहाटे चारला पण रात्रच असते हो.