कुंपणाची भिंत घालण्यापूर्वी प्लॉटची नेमकी हद्द कशी ठरवावी?

कोयनाकाठ

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे घर आहे. वडिलांनी १९८६ साली बिनशेती लेआउटमधील हा प्लॉट घेतला. खरेदीखतात त्याचे माप ४० फूट बाय ६० फूट, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर, असे लिहिलेले आहे. पूर्वेला मेंदीचे जुने कुंपण आहे. ते काढून तिथे विटांची भिंत घालावी, आणि आईला जिना चढणे आता झेपत नसल्यामुळे त्याच बाजूला तळमजल्यावर तिच्यासाठी एक खोली व न्हाणीघर वाढवावे, असे आम्ही ठरवले आहे.

गवंड्याने दोरी लावण्याआधी मी स्वतः टेप धरून पाहिला, तेव्हा पश्चिमेकडच्या भिंतीपासून मेंदीच्या बुंध्यापर्यंत रुंदी ३९ फूट २ इंचच भरली. पूर्वेचे शेजारी वडिलांच्या वयाचे आहेत, त्यांच्याशी आमचा घरोबा आहे, आणि "मेंदी आहे तीच हद्द" असे ते पहिल्यापासून सांगत आले आहेत. त्यांना दुखवायचे नाही. पण चुकीच्या रेषेवर पक्की भिंतही उभी करायची नाही. सातबाऱ्यावरून किंवा सरकारी संकेतस्थळावरील नकाशावरून ही रेषा मला काढता येईल का? खासगी सर्व्हेअरकडून मोजून घेतले तर ते ग्राह्य धरले जाते का?

निवृत्त भूकरमापक

आपण दोरी लावण्यापूर्वी थांबलात, हे फार चांगले केले. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. खरेदीखतातील चतुःसीमेवरून कोणत्या बाजूला कोण आहे एवढे कळते. रेषा नेमकी कुठून जाते ते कळत नाही. संकेतस्थळावरील नकाशा आपला प्लॉट कोणता हे ओळखण्यापुरता ठीक आहे, पण पडद्यावरच्या नकाशावर इंचांचा हिशेब करू नये.

सर्वांत आधी दोन कागद मिळवावेत: मंजूर लेआउटचा नकाशा आणि त्या गटाचे कमी-जास्त पत्रक. लेआउट मंजूर झाल्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक तयार होते आणि त्यानंतरच प्रत्येक प्लॉट अभिलेखात स्वतंत्र होतो. त्या काळातील कित्येक लेआउटमध्ये प्लॉट विकले गेले, घरे उभी राहिली, पण हे पत्रक मागेच राहिले. आपल्याकडेही तसे असेल तर कार्यालयाच्या नकाशावर आपल्या प्लॉटची वेगळी रेषाच नसेल, आणि मोजणीआधी ते काम पुरे करून घ्यावे लागेल. त्या भागाचा सिटी सर्व्हे, म्हणजे गावठाण किंवा शहरी जागेची सरकारी मोजणी, झाला असल्यास मिळकत पत्रिका (त्या जागेचा मालकी व क्षेत्राचा उतारा) आणि सिटी सर्व्हेचा नकाशा घ्यावा.

त्यानंतर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा, म्हणजे अभिलेखातील हद्द जागेवर दाखवून घेण्याचा, अर्ज करावा. तो आता ऑनलाइन करता येतो. कार्यालय लगतच्या कब्जेदारांना नोटिसा पाठवते. हल्ली मोजणी बहुधा रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा टिपणाऱ्या यंत्राने, होते. मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशात, म्हणजे 'क' प्रतीत, अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट या दोन्ही वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन रेषांमधील अंतरात आहे.

खासगी सर्व्हेअरने टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने) काढलेला नकाशा आर्किटेक्टला आराखड्यासाठी निश्चित उपयोगी पडतो. परंतु त्याने दाखवलेली हद्द शेजाऱ्यावर बंधनकारक नसते.

आता आपल्या मापाविषयी. पश्चिमेकडची भिंत कोणी बांधली आणि ती कशावरून मोजून बांधली, हे आपण लिहिलेले नाही. दहा इंच कमी भरतात म्हणून ते पूर्वेलाच गेले, असे मानायला काहीच आधार नाही. ती भिंतच आपल्या बाजूला सरकलेली असू शकते.

रांगेतला शेवटचा

वरच्या प्रतिसादातील शेवटच्या मुद्द्याचा मी स्वतः अनुभव घेतला आहे. नाशिकजवळ आमच्या रांगेत सात प्लॉट आहेत आणि आमचा सातवा. पहिल्याने रस्त्याच्या कडेवरून मोजले, दुसऱ्याने पहिल्याच्या भिंतीपासून, तिसऱ्याने दुसऱ्याच्या भिंतीपासून. प्रत्येकाने आपले माप पूर्ण घेतले. भिंतीची जाडी मात्र कोणी आत धरली, कोणी बाहेर. हा सगळा फरक शेवटी आमच्याकडे येऊन साठला. आम्ही सहाव्याच्या भिंतीपासून चाळीस फूट मोजून कुंपण घातले, आणि दोन वर्षांनी पलीकडच्या शेतमालकाने मोजणी आणली तेव्हा आमची भिंत पावणेदोन फूट त्यांच्या बांधात निघाली. साठ फूट लांबीची भिंत पाडून पुन्हा बांधावी लागली. त्या मालकाचा शब्दही आम्हाला वावगा वाटला नाही, कारण चूक आमची होती. मात्र त्या कामात माझ्या वडिलांची बरीचशी पुंजी गेली आणि त्याचे वाईट मला अजून वाटते. शेजाऱ्याच्या भिंतीला आरंभबिंदू कधीही मानू नये, एवढी मनापासून विनंती.

स्थापत्य

मी घरबांधणीची कामे पाहतो. हद्द सापडली म्हणजे भिंतीची बाहेरची कड त्याच रेषेवर घ्यायची, असा अनेकांचा समज असतो. पण जमिनीखाली पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. नऊ इंची भिंतीचा पाया दोन्ही बाजूंना सारखा पसरवला तर त्याचा एक भाग शेजाऱ्याच्या जमिनीत जातो, आणि उद्या त्यांनी जलवाहिनीसाठी चर खणला की तो उघडा पडतो. म्हणून एक तर पाया संपूर्ण आपल्या बाजूला राहील असा घ्यावा, किंवा भिंत सामाईक ठेवून खर्च व मालकी दोघांनी लेखी ठरवावी.

खोलीसाठी मात्र हद्दीपर्यंत जाताच येणार नाही. बाजूला किती सामासिक अंतर, म्हणजे बांधकाम आणि हद्द यांमधील मोकळी जागा, सोडायचे ते आपल्या नगरपरिषदेकडून समजून घ्यावे आणि परवानगीच्या नकाशात ते अंतर मोजणीच्या रेषेपासून दाखवावे, मेंदीपासून नव्हे. वळचणीचाही विचार करावा. जुनी माणसे घर बांधताना पागोळ्यांचे पाणी आपल्याच जागेत पडेल एवढी जागा सोडत, ती पद्धत अगदी योग्य होती. खोलीवर पत्रा घालणार असाल तर पन्हळ लावून पाणी आपल्या अंगणात उतरवावे.

एक सूचना हद्दीच्या खुणांबद्दल. मोजणीच्या दिवशी दगड, चुना आणि खणायला माणूस तयार ठेवावा. दगड निदान दोन फूट खोल पुरावेत आणि प्रत्येक दगडापासून घराच्या दोन कोपऱ्यांपर्यंतचे अंतर टेपने घेऊन वहीत लिहून ठेवावे. कामाला जेसीबी आला की पहिला बळी या दगडांचाच जातो. अंतरे लिहिलेली असली म्हणजे तीच जागा पुन्हा शोधता येते.

कोयनाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. घरी विचारल्यावर कळले की पश्चिमेची भिंत शेजाऱ्यांनी १९९१ साली बांधली आणि तेव्हा कोणतीही मोजणी झाली नव्हती. म्हणजे इतके दिवस आम्ही पूर्वेच्या काकांकडे मनातल्या मनात संशयाने पाहत होतो, त्याला काही कारणच नव्हते. आणखी एक शंका आहे. फरक पूर्वेलाच निघाला आणि काकांनी "बारा वर्षांपेक्षा जास्त आमची वहिवाट आहे" असे म्हटले, तर काय?

निवृत्त भूकरमापक

बारा वर्षांची मुदत १९६३च्या मुदत कायद्यात आहे, हे खरे. परंतु दोन घरांनी सलोख्याने एक कुंपण राखले, एवढ्यावरून मालकी बदलत नाही. तो ताबा मूळ मालकाच्या हक्काविरुद्ध आणि उघडपणे होता हे सिद्ध करावे लागते, आणि त्याचा निर्णय दिवाणी न्यायालय देते. भूकरमापक हद्द दाखवतो. तो ताबा देत नाही की भिंत पाडत नाही. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते, ती उपअधीक्षक स्वतः करतात.

पण हे सगळे नंतरचे. नोटीस टपालाने काकांच्या हातात पडण्याआधी आपण स्वतः त्यांच्याकडे जावे, पश्चिमेच्या भिंतीची हकीकत सांगावी आणि मोजणीच्या वेळी उभे राहण्याची विनंती करावी. माझ्या नोकरीत मी पाहिलेले कित्येक वाद इंचांवरून पेटले नाहीत, तर "आम्हाला न सांगता मोजणी आणली" यावरून पेटले.

कोयनाकाठ

काल संध्याकाळी आईला घेऊन काकांकडे गेलो होतो. मोजणीला ते थांबणार आहेत, आणि १९८६ साली लेआउटवाल्याने रोवलेला एक दगड मेंदीच्या दक्षिण टोकाला मुळांखाली असावा, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. तो दगड हलू नये म्हणून त्या कोपऱ्यातील मेंदी आम्ही मोजणीपर्यंत तशीच ठेवत आहोत. गवंड्याला पुढची तारीख कळवली आहे, आणि कमी-जास्त पत्रकाच्या नकलेसाठी सोमवारी अर्ज देत आहे.