थायलंड २०१८: अजून दोन-तीन गोष्टी
थायलंडमधल्या २०१८ च्या घटनांच्या यादीत थाम लुआंग गुहेत पुराच्या पाण्यामुळे अडकलेली फुटबॉल संघातली १२ पोरं नि त्यांचा कोच आलेत, पण समन कुनानचं नाव राहिलंय, ते यायलाच हवं. माजी नेव्ही डायव्हर, पोरांना वाचवायच्या कामात आत हवेचे सिलिंडर ठेवून परतताना ६ जुलैला गेला बिचारा. आणि पाणी उपसायचं कसं ते सांगायला आपल्या किर्लोस्करांची माणसं तिथे गेली होती, ते उपसलेलं पाणी खालच्या भातशेतात घुसलं, पिकाचं नुकसान झालं तरी शेतकरी म्हणत होते पोरं वाचू देत, हे वाचून तेव्हा अगदी गलबलून आलं होतं. त्याच आठवड्यात, ५ जुलैला, फुकेतजवळ बोट बुडून ४७ चिनी पर्यटक गेले, गुहेच्या बातम्यांत ते पार झाकोळलं.