पाणी गळलं की आपोआप लाईन बंद करणारा वाल्व: पर्वरीचा फ्लॅट आणि बांदोड्याचं बंद घर, सल्ला हवाय

पर्वरी_दुसरा_मजला
नमस्कार मंडळी. कोणी घरी ते लीक डिटेक्टरवालं ऑटोमॅटिक शटऑफ बसवलंय का? म्हणजे पाणी गळायला लागलं की सेन्सरला कळतं आणि वाल्व आपोआप बंद होतो ते. आमच्या वरची मंडळी मे महिन्यात गावी गेलेली, किचनमधल्या आरओची ती पांढरी पातळ नळी असते ना ती निसटली आणि रात्रभर पाणी चालू. आमच्या किचनचं आणि पॅसेजचं फॉल सिलिंग खाली आलं, कपाटाचं प्लाय फुगलं, आणि ते बिचारे फोनवर रडकुंडीला आलेले, त्यांना तरी काय बोलणार. आता आमच्या खाली एक आजी एकट्या राहतात, आमच्यामुळे त्यांच्यावर ही पाळी येऊ नये एवढंच डोक्यात आहे.

जागा दोन आहेत, दोन्ही गोव्यात. एक हा फ्लॅट, टेरेसवर बिल्डिंगची टाकी, तिथून आमच्यासाठी एकच लाईन डक्टमधून खाली येते. दुसरं बांदोड्याचं चिऱ्यांचं घर, चवथीला आणि जत्रेला उघडतं, मध्ये कधीतरी शनिवार-रविवार. तिथे सरकारी नळ आहे, बाथरूमच्या वर स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी, आणि किचनचा नळ डायरेक्ट लाईनवर. बांयचं (विहिरीचं) पाणीपण पंपाने त्याच टाकीत चढवतो. नेटवर मोएन फ्लो, फिन असली परदेशी मशीन बघितली, सगळं मोबाईलवर दिसतं. इथे चालतील का? ओळखीचा प्लंबर म्हणतो सोलेनॉइड वाल्व (विजेच्या चुंबकाने उघड-बंद होणारा) लाव, झालं. पावसात वायफाय आणि लाईट दोन्हीचा भरवसा नाही हे धरून सांगा.

म्हापसा_बाजारवाट
वाल्व वगैरे राहू दे, आधी साधा बझर घ्या. बॅटरीवाला छोटा डबा असतो, खाली दोन धातूचे टोक, दोन्हीला पाणी लागलं की किंचाळतो. सिंकखाली एक, वॉशिंग मशीनमागे एक. माणूस घरात असेल तर तेवढं पुरतं.

पर्वरी_दुसरा_मजला
माणूस घरात नसतो तीच तर अडचण आहे दादा.

नळकाम_मडगांव
ताई मी हेच काम करतो म्हणून सविस्तर लिहितो. डिव्हाइस कुठलं घ्यायचं हा नंतरचा प्रश्न. वाल्व कुठे बसवायचा हे आधी ठरवा, कारण बहुतेक लोक तिथेच चुकीची जागा पकडतात. परदेशात पाणी रस्त्यावरच्या मेन लाईनमधून थेट घरात प्रेशरने येतं, म्हणून तिथे घरात शिरतानाच वाल्व लावला की विषय संपला. आपल्याकडे मीटरनंतर टाकी आहे. तुम्ही मीटरजवळ वाल्व लावला आणि तो बंद झाला तरी वरची हजार लिटर टाकी अख्खी घरात रिकामी होणार. कनेक्शन पाइप फुटला तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातं, म्हणजे तासा-दीड तासात टाकी साफ. त्यामुळे बांदोड्याला वाल्व टाकीच्या खालच्या आउटलेटवर हवा, आणि तुमचं किचन डायरेक्ट असल्यामुळे त्या लाईनला वेगळा दुसरा वाल्व. एकाच वाल्वात दोन्ही होणार नाही, कोणी होतं म्हणाला तर त्याने तुमचं घर बघितलेलं नाही.

आता सोलेनॉइडबद्दल. बाजारात जो स्वस्त मिळतो तो पायलटवाला असतो, म्हणजे आधी बारीक भोक उघडून पाण्याच्याच प्रेशरने मोठं तोंड उघडणारा, त्याला उघडायला दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक लागतो, साधारण ०.३ ते ०.५ बार (बार म्हणजे प्रेशरचं माप). दहा मीटर उंचीला एक बार होतो, तुमची टाकी बाथरूमच्याच वर, नळापासून पाणी तीन मीटर वर असलं तर ०.३ बार. म्हणजे वाल्व अर्धवट उघडणार, शॉवरला धार नाही, आणि नंतर तुम्ही प्लंबरला बोलणार. शिवाय त्यातलं बारीक भोक गाळाने बुजतं, आणि आपल्याकडे लाईन फुटून दुरुस्त झाली की पहिलं पाणी कसलं येतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मोटराइज्ड बॉल वाल्व (मोटरने फिरणारा) घ्या, फुल बोअर, म्हणजे आतलं भोक पाइपाएवढंच, १२ व्होल्टचा. तो फिरतानाच करंट घेतो, एरवी नाही, आणि प्रेशरची अट नाही. वर हाताने फिरवायची दांडी किंवा चावी असलेलाच घ्या, हे विसरू नका.

बसवताना दोन्ही बाजूला युनियन (खोलता येणारा जोड), आधी वाय स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी), आणि बाजूने साधा बॉल वाल्व लावून बायपास. बायपास नेहमी बंद, पण डिव्हाइस बिघडलं तर चवथीच्या दिवशी घरात पाहुणे आणि पाणी नाही असं व्हायला नको. जुनं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) असेल तर पान्याने जोर लावून पिळू नका, आतून खाल्लेलं असतं, भिंतीतच तडकतं. कापून ब्रास थ्रेडवाला एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) घालून सीपीव्हीसीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपात आणा. आणि वाल्वचं वजन पाइपवर लटकत ठेवू नका, भिंतीला क्लॅम्प मारा.

वास्को_इन्स्ट्रुमेंट
वरचं सगळं बरोबर आहे, मी त्यात फ्लोबद्दल, म्हणजे लाईनमधून वाहणारं पाणी मोजण्याबद्दल, भर घालतो, कारण नुसत्या फरशीवरच्या सेन्सरवर राहिलात तर आपल्या घरांत अर्धी गळती कळणारच नाही. आपल्या बाथरूमच्या फरशीला नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीचं भोक) असतो. हेल्थ फॉसेटची (संडासातल्या हातातल्या फवाऱ्याची) होज फुटली तर पाणी सरळ ट्रॅपमध्ये जातं, बाहेर एक थेंब येत नाही, सेन्सर कोरडा आणि टाकी रिकामी. आणि सेन्सर बाथरूमच्या आत ठेवला तर रोज आंघोळीला बोंबलणार. म्हणून बाथरूमचा सेन्सर उंबरठ्याच्या बाहेर ठेवायचा, आणि आतल्या गळतीसाठी लाईनवर फ्लो मीटर हवा जो सांगेल की सलग अमुक मिनिटं पाणी वाहतंय, आता बंद.

मोएन फ्लो, फिन किंवा ग्रोहेचं सेन्स गार्ड, ही चांगली यंत्रं आहेत, प्रेशरसुद्धा मोजतात, त्यातली काही रात्री वाल्व बंद करून प्रेशर उतरतं का ते बघून बारीक गळतीपण पकडतात. पण ती मेन लाईनच्या चांगल्या प्रेशरसाठी बनवलेली आहेत. टाकीच्या पाण्यावर, जिथे एक बारसुद्धा नाही, तिथे त्या चाचणीला काही अर्थ राहत नाही. हां, कोणाकडे चांगला प्रेशर पंप बसवलेला बंगला असेल तर वेगळी गोष्ट. आणि अमेरिकेतून कोणी आणून देत असेल तर दोन गोष्टी बघा, अॅडॅप्टर २३० व्होल्टला चालतो का, आणि आटे. त्यांचे आटे एनपीटी, आपले बीएसपी. पाऊण इंचीला दोन्हीत इंचाला १४ आटे, त्यामुळे पहिले दोन-तीन फेरे मस्त बसतात आणि वाटतं झालं, पण आट्याचा कोन वेगळा आहे, ६० आणि ५५ अंश, आणि तिथूनच पाझरतं. टेफ्लॉन कितीही गुंडाळा. कन्व्हर्टर निपल लागतोच.

अजून एक, पाणी दिवसाआड येतं तिथे नळाला आधी हवा सुटते. डायरेक्ट लाईनवर चक्रीवाला फ्लो सेन्सर लावला तर तो हवेनेच गरगर फिरतो आणि गळती समजून वाल्व बंद करतो. तुमच्या किचनच्या लाईनला म्हणून फ्लो नको, तिथे सिंकखालचा सेन्सर बरा. फ्लो मीटर टाकीच्या आउटलेटला.

पर्वरी_दुसरा_मजला
बापरे, किती छान समजावलंत दोघांनी. नहाणी ट्रॅपचं तर डोक्यातच आलं नव्हतं. मग सलग किती मिनिटं ठेवायची? सासूबाई बादली भरून आंघोळ करतात, नवरा शॉवर, आणि शनिवारी कपडे. मध्येच पाणी गेलं तर घरात माझं काही खरं नाही.

वास्को_इन्स्ट्रुमेंट
पहिले काही दिवस नुसतं रीडिंग घ्या, वाल्वला हात लावू देऊ नका. घरातला सगळ्यात लांब वापर किती ते कळेल, त्याच्या दीडपट ठेवा. घरी असताना वेगळी मर्यादा आणि घर बंद असताना वेगळी अशी सोय असलेलं यंत्र असेल तर उत्तम. बांदोड्याचं घर बंद असताना दोन मिनिटंसुद्धा पाणी वाहायचं कारण नाही.

शिवोली_किनारा
इलेक्ट्रॉनिक्सचं मी सांगतो. सेन्सर आणि वाल्व यांचं बोलणं घरातल्या घरात झालं पाहिजे, वायरने किंवा झिगबीच्या हबवरून (झिगबी म्हणजे इंटरनेटशिवाय चालणारा घरगुती वायरलेस). काही स्वस्त वायफायवाल्यांत सेन्सर ओला झाला की निरोप आधी इंटरनेटवर कुठल्यातरी सर्व्हरला जातो आणि तिथून परत वाल्वला येतो. जूनमध्ये केबल तुटली की ते यंत्र मुकं. दुकानदाराला एकच विचारायचं, राउटर बंद करून पाण्यात सेन्सर बुडवला तर वाल्व बंद होतो का, इथेच करून दाखवा. दाखवत नसेल तर घेऊ नका.

लाईटसाठी राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा युपीएस पुरतो, मोटर काही सेकंदच फिरते. वाल्वमध्ये दोन जाती आहेत, लाईट गेली की आहे तिथेच थांबणारा, आणि लाईट गेली की आपोआप बंद होणारा. राहत्या घराला पहिला, नाहीतर आपल्याकडच्या लाईटला दिवसातून चारदा पाणी बंद होईल. बंद घराला दुसरा चालेल. मे अखेर आणि परत ऑक्टोबरात जो गडगडाट होतो त्यात अॅडॅप्टर उडतात, सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग खरंच आहे का तपासून घ्या, जुन्या घरांत नुसतं तिसरं भोक असतं, आत वायर नसते. टेरेसवर वाल्व असेल तर आयपी ६५ च्या वरचा (धूळ-पाणी आत न घेणारा) डबा, वायर खालून आत घ्यायची म्हणजे पाणी वायरीवरून आत उतरत नाही. पर्वरीला एवढं नाही पण इकडे समुद्राकडे खाऱ्या वाऱ्याने स्क्रूसुद्धा टिकत नाहीत, डब्याच्या भोकांना सिलिकॉन मारा नाहीतर मुंग्या घर करतात, पाल शिरून बोर्ड शॉर्ट झालेला बघितलाय मी.

फातोर्डा_सोसायटी
फ्लॅटचा वाल्व डक्टमध्ये लावत असाल तर सोसायटीला अर्ज द्या, सहसा कोणी नाही म्हणत नाही, पण डक्टची लाईन कोणाच्या मालकीची यावरून नंतर वाद होतात. शक्य असेल तर लाईन तुमच्या फ्लॅटमध्ये शिरते तिथे आत, युटिलिटीमध्ये (किचनला लागून कपडे-भांड्याची जागा असते तिथे) लावा. आणि बांदोड्याला मीटरच्या आधीच्या पाइपाला हात लावू नका, तो पाणी खात्याचा, जे काही करायचं ते मीटरनंतर. मीटरवरून गळती ओळखायची सवयही लावून घ्या. घरातले सगळे नळ आणि टाकीत पाणी येतं तो वाल्व बंद करायचा आणि मीटरचं बारीक चक्र बघायचं, फिरत असेल तर मीटर ते टाकी यामध्ये कुठेतरी जातंय. २०२१ मध्ये १६ घनमीटरपर्यंत मोफत पाण्याची योजना आली तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा मीटर नीट बघितला आणि कितीतरी घरांत फ्लशच्या टाकीची गळती सापडली. फ्लशसाठी टाकीत थोडा खायचा रंग टाकून बघा, न दाबता भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय.

डिचोलीची_सून
आमच्याकडे बसवलंय, सासू-सासरे दोघंच असतात आणि आम्ही पणजीला. देखभालीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, खरं काम तेच आहे, बसवून विसरलात तर ते यंत्र ऐनवेळी फिरणार नाही. महिन्यातून एकदा वाल्व बंद-चालू करायचा, बटणाने एकदा आणि हाताने एकदा. वाल्व बरेच महिने न फिरता राहिला की आतला बॉल चिकटतो आणि मग मोटर नुसती गुरगुरते. सेन्सर ओल्या फडक्यावर ठेवून बघायचा, नुसता टेस्टचा बटण दाबून उपयोग नाही, त्याने फक्त बझर चालतो का ते कळतं. फडक्यावर ठेवल्यावर वाल्व फिरला का ते कोणीतरी नळ उघडून बघायचं. धातूच्या टोकांवर पावसाळ्यात हिरवट थर येतो, तो व्हिनेगरच्या बोळ्याने पुसायचा आणि कोरडं करायचं. सेन्सर फ्रिजच्या खाली किंवा एसीच्या पाइपाखाली ठेवू नका, तिथे आर्द्रतेचं पाणी सुटतं आणि रात्री दोनला बझर. एकदा असं झालं की म्हातारी माणसं तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि आपल्याला सांगतही नाहीत.

बॅटऱ्या मिरग लागायच्या आधी सगळ्यांच्या एकदम बदलते, अर्धी बॅटरी शिल्लक असली तरी. वाय स्ट्रेनरची जाळी चवथीच्या आधी आणि नंतर एकदा उन्हाळ्यात. तुमच्याकडे बांयचं पाणी आहे तर जास्त वेळा बघा, आपल्या जांभ्या दगडातलं पाणी आम्लधर्मी असतं, बऱ्याच ठिकाणी लोहही असतं, जाळीवर तांबडा गाळ धरतो आणि तुम्हाला वाटतं पाण्याचं प्रेशर गेलं.

आणि घरच्यांना शिकवा हो. आमच्या सासऱ्यांना मी वाल्वजवळ उभं करून दांडी कशी फिरवायची ते त्यांच्याच हाताने करून घेतलं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं, आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. (तुमच्या वाल्वची उलटी असू शकते, आमचा पाइप उभा आहे.) मोबाईलचं अॅप त्यांना नको होतं, आणि ते बरोबरच आहे, पाणी चालू करायला कोणाला मुंबईच्या नातवाला फोन लावावा लागू नये.

नळकाम_मडगांव
बाय, एकदम बरोबर लिहिलंत. त्यात एवढंच की टाकीनंतर प्रेशर पंप असेल तर वाल्व बंद झाल्यावर पंपही थांबला पाहिजे, रिले (विजेने चालणारा स्विच) टाकून जोडून घ्यायचा, नाहीतर पंप कोरडा किंवा बंद पाइपावर फिरत राहतो आणि सील जळतं. बांदोड्याचा बांयवाला पंप वेगळा विषय, तिथे टाकी भरून वाहते, त्याला फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा) लावा.

आणि खर्च करायच्या आधी हे फुकटचं करा. घर बंद करताना हेल्थ फॉसेट, वॉशिंग मशीन आणि आरओचे अँगल कॉक (होजच्या आधीचे भिंतीवरचे छोटे नळ) बंद. होजवर प्रेशर राहिलं नाही तर ती फुटणार कशी? फॉसेटचं बटण सोडलं म्हणून पाणी बंद झालं असं नसतं, होजमध्ये ते कोंडलेलंच असतं. वॉशिंग मशीनची होज पाच वर्षांनी बदला, दिसायला चांगली असली तरी.

पर्वरी_दुसरा_मजला
देव बरें करूं सगळ्यांचं. तर असं ठरवते, पर्वरीला युटिलिटीत एक मोटराइज्ड वाल्व, फ्लो मीटर, सिंक आणि मशीनला सेन्सर, बाथरूमचा उंबरठ्याबाहेर. बांदोड्याला टाकीवर एक, किचनच्या लाईनला एक, आणि निघताना अँगल कॉक बंद करायचे हे नवऱ्याला सांगून ठेवलंय. खालच्या आजींनाही एक बझर घेऊन देते, त्यांच्या छताला पाणी आलं तर निदान आम्हाला हाक मारतील. फ्लॅटची लाईन पाऊण इंची सीपीव्हीसी आहे, वाल्वपण पाऊणच घेऊ की एक इंची घेऊन रिड्युसर लावू?

नळकाम_मडगांव
पाऊणच घ्या, फुल बोअर असला की धार कमी होत नाही, रिड्युसर म्हणजे गळायला अजून दोन जोड. सॉल्व्हेंट (पाइप चिकटवायचं) लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या, प्लंबर घाई करेल, करू देऊ नका. मग पाणी सोडून दोन्ही युनियनना कोरडा टिश्यू गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कुठे दमट लागला तर त्याच माणसाला बोलवून परत कसून घ्या आणि मगच पैसे द्या.