मदत हवी आहे: नाकपुड्या लहान करण्याची सर्जरी कुणी केली आहे का?

नमस्कार, आम्ही परभणीचे. धाकट्या बहिणीला नाकाची सर्जरी करायची आहे. श्वासाचा त्रास नाही, हाडही सरळ आहे. फक्त नाकपुड्या रुंद आहेत, हसली की आणखी पसरतात. तिला मनापासून हवंय, म्हणून मी तिच्या बाजूने. आई म्हणते, "देवानं दिलेल्या नाकाला सुरी कशाला लावायची?"

डॉक्टर म्हणाले, नाकपुडीच्या बुडाशी छेद घेऊन थोडा भाग काढतात, व्रण घडीत लपतो. पण जास्त कापलं गेलं तर पुन्हा पहिल्यासारखं करणं फार अवघड, याचीच मला धास्ती.

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडला कुणी करून घेतलंय का? प्लास्टिक सर्जन गाठावा की कान-नाक-घशाचे डॉक्टर? सावळ्या रंगावर व्रण कितपत दिसतो? भूल, औषधं धरून खर्च किती आला, तेही सांगा.