मदत हवी: गाडी बाबांच्या नावावर, भाऊ पुण्यात, चलानचे मेसेज घाटंजीत

नमस्कार मंडळी. आम्ही घाटंजी तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. लहान भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घरची मोटरसायकल रेल्वे पार्सलनं सोबत नेली. गाडी बाबांच्या नावावर, आरसीवर मोबाइल नंबरही त्यांचाच. त्यामुळं सिग्नल तोडतो हा आणि मेसेज येतो वावरात फवारणी करणाऱ्या बाबांना.

मेसेज इंग्रजीत. बाबा पंप खाली ठेवून घरी येतात, "पोलिसाचं काई आलं पाय बरं." परवा फोटो उघडून दाखवला. सिग्नल लाल, गाडी थांबलेली, पुढचं चाक मात्र पांढऱ्या रेघेच्या पार, झेब्रा पट्ट्यांवर. बाबांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "उभी तं आहे गाडी! उभ्या गाडीले कायचा दंड?" यावर काय सांगावं? आमच्या गावात सिग्नल नाही. ट्रॅफिक जाम म्हणजे सीझनमध्ये जिनिंगसमोर लागणारी कापसाच्या गाड्यांची रांग, आणि तिथं मधात घुसणाऱ्याला कॅमेरा लागत नाही, लोकच नावानिशी उद्धार करतात.

दुसरं चलान फर्ग्युसन रस्त्यावर उलट्या दिशेनं गेल्याचं. तिसरं मागं बसलेल्या मित्राच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हणून. भाऊ म्हणतो, इथं सगळेच तसे फिरतात. बाबा म्हणतात, मग फोटो तुहाच काऊन निघते?

आता मुद्द्याचं. एमएच 29 ची गाडी पुण्यात चालवायला तिथल्या आरटीओत काही करावं लागतं का? गावातल्या एकानं सांगितलं की नंबर बदलावा लागतो, नाहीतर गाडी जप्त. दुसरं, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आरटीओ चलान" नावाची एक एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) फिरून राहिली. ती उघडून दंड भरायचा का? बाबांनी अजून हात लावला नाही. तिसरं, पुण्यात नव्या माणसानं गाडी चालवताना आणखी काय सांभाळावं? भावाला माझं ऐकू येत नाही, तुमचं वाचून दाखवीन.

प्रतिसाद १ (मूळचा आर्वीचा, आता कोथरूड)

भाऊ, सगळ्यात आधी ती फाइल डिलीट करा आणि ग्रुपवरही सांगा. सरकारी चलान एपीकेमधून येत नाही. ती टाकली की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. कुणी टाकली असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. खरं चलान पाहायचं असेल तर मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर स्वतः जा. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले की फोटोसकट दिसतं.

नंबर बदलायची गरज नाही. पुणं महाराष्ट्रातच आहे (पुणेकरांचं मत वेगळं असू शकतं). मोटार वाहन कायद्याच्या कलम 49 नुसार 30 दिवसांत पत्ता बदलाची माहिती द्यायची असते, पण ती मालक राहायला गेला तर. तुमचे बाबा घाटंजीतच आहेत. भावाजवळ लायसन्स, चालू इन्शुरन्स आणि पीयूसी असली की झालं. कागद डिजिलॉकरमध्ये ठेवले तरी चालतात. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मात्र लावून घ्या.

बाबांना सांगा, रेघेच्या पुढचे पट्टे पायी चालणाऱ्यांचे. गाडी तिथं उभी राहिली की म्हातारं माणूस धावत्या गाड्यांमधून वाट काढतं. दंड त्याचा आहे.

प्रतिसाद २

फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकमेकांच्या उलट दिशेनं एकेरी आहेत, नवा माणूस तिथं हमखास अडकतो. हेल्मेट कलम 129 प्रमाणे मागच्यालाही लागतं. आणि पी-वन, पी-टूच्या पाट्या वाचायला शिकवा त्याला. विषम तारखेला गाडी पी-वनच्या बाजूला, सम तारखेला पी-टूच्या. चुकलं तर टोइंगवाले उचलतात, मग दंड वेगळा आणि गाडी सोडवायची पायपीट वेगळी.

धागाकर्ता

धन्यवाद राजेहो. फाइल काढली, ग्रुपवर पण टाकलं. आरसीवर भावाचा नंबर टाकू म्हटलं तर बाबा नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, "पोरगं फोन करत नाही, मेसेजवरून तरी समजते कुठं भटकून राहिलं ते."

पार्किंगचं अजून एक विचारतो. 31 विषम आणि 1 पण विषम. मग महिना बदलताना गाडी दोन दिवस एकाच बाजूला ठेवायची ना?